मावशी उद्या येणार का?

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर 'आजी_फायनल_३' नावाची एक एक्सेल शीट तयार झाली. सात ओळी, अकरा रकाने. प्रत्येक ओळीत पुण्यातली एकेक एजन्सी आणि रकान्यांमध्ये बारा तासांचे पैसे, चोवीस तासांचे पैसे, डिपॉझिट, कमिशन, जेवण कुणाचं, सुट्टी कधी वगैरे वगैरे. इंजिनिअर माणूस संकटात सापडला की दुसरं काय करणार? रामरक्षा पाठ नसते, मग तो एक्सेल उघडतो. :)

झालं असं, की माझी आजी (वय ८६) बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी डिस्चार्ज मिळाला. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, वॉकर घेऊन रोज चालवा, पाठीला जखमा होऊ देऊ नका." ऐकायला किती सोपं वाक्य! फक्त त्या वाक्याचा कर्ता कोण, हे डॉक्टर सांगत नाहीत. आमच्या घरात तो कर्ता आपोआप आई झाली. आई साठीची, गेल्याच वर्षी बँकेतून निवृत्त झालेली, कमरेला पट्टा लावणारी. बाबा होते, मी होतो, पण 'आई बघेल' हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. ते जणू आधीच ठरलेलं होतं.

मग एका ब्यूरोला फोन केला. पलीकडून पहिलाच प्रश्न, "बारा तास की चोवीस तास?" पेशंटला काय झालंय हा प्रश्न नंतर. मावशी आल्या, तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी त्या आल्याच नाहीत. ब्यूरोचं उत्तर, "बघतो साहेब, पाठवतो कुणाला तरी." अकरा वाजले, बारा वाजले. आईने एकटीने आजीला उचलायचा प्रयत्न केला आणि तिची कंबर धरली. शेवटी मीटिंग म्यूट करून मी गेलो आणि आजीला कमोडच्या खुर्चीवर बसवलं. आजी एक शब्द बोलली नाही. तिने फक्त डोळे घट्ट मिटून घेतले.

संध्याकाळी ती म्हणाली, "मामंजी नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. पण आमच्याकडे वन्सं होत्या ना. त्यामुळे हे असं असतं ते कधी कळलंच नाही."

वन्सं म्हणजे आजीची नणंद. एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन वाईच्या घरी परत आलेली. आजीला मी विचारलं, "त्यांना या कामाचे कुणी काही द्यायचं का?" आजी माझ्याकडे असं बघायला लागली, की मी पृथ्वी सपाट आहे का असं विचारलं असावं. "देणार काय? घरच्याच होत्या त्या."

या एका वाक्याने माझी झोप उडवली. एजन्सी निवडायला बसलो होतो आणि गेले तीन वीकएंड इतिहास वाचण्यात गेले. म्हाताऱ्या, आजारी माणसाचं घरात कोण करत होतं? कधीपासून त्याचे पैसे द्यायला लागले? आणि मावशी आली नाही तर जबाबदार कोण, हा प्रश्न सगळ्यात आधी कुणाला पडला?

सुरुवात फार मागून करतो, कारण ती गंमतशीर आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. चारही पाय भक्कम हवेत. म्हणजे शुश्रूषा करणारा माणूस हा वैद्याचा हरकाम्या नाही, चौघांपैकी एक आहे. पुढे त्याचे चार गुणही दिले आहेत. शुश्रूषेचं ज्ञान, कामातली तत्परता, रोग्याबद्दल आपुलकी आणि स्वच्छता. नीट बघा, आपल्याकडचं हे फार जुनं जॉब डिस्क्रिप्शन आहे. आणि पहिला गुण आपुलकी नसून ज्ञान आहे! माझ्या अकरा रकान्यांत या चारपैकी एकही नव्हता, हे इथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

पण ग्रंथात लिहिणं वेगळं आणि घरात घडणं वेगळं. आपल्या एकत्र कुटुंबाचं गुणगान करताना आपण एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. ती व्यवस्था चालायची, कारण घरात एक असं माणूस असायचं ज्याला दुसरीकडे जायला जागा नव्हती. विधवा आत्या, बिनलग्नाची मावशी, धाकटी सून. तिची पाळी कधी बदलायची नाही, तिला सुट्टी नसायची आणि ती 'उद्या येणार का' हा प्रश्नच नव्हता. ती जाणार कुठे? आपल्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टीम एका सर्व्हरवर चालत होती, आणि त्या सर्व्हरचं बिल कुणी भरत नव्हतं. म्हणून ती 'स्वस्त' वाटत होती.

आता जरा दूर जाऊ या. कारण हे काम पगार देऊन, शिकवून आणि देखरेखीखाली घरोघरी कसं करायचं, याची पद्धतशीर घडी जिथे बसली त्या जागांपैकी एक म्हणजे इंग्लंडमधलं लिव्हरपूल.

१८५९ साल. विल्यम रॅथबोन नावाच्या तिथल्या बड्या व्यापाऱ्याची बायको दीर्घ आजारात वारली. शेवटच्या दिवसांत तिची सेवा मेरी रॉबिन्सन नावाच्या एका नर्सने केली होती. रॅथबोनच्या मनात आलं, की आपल्याकडे पैसे, मोठं घर, नोकरचाकर असूनही या बाईशिवाय आपले हाल झाले असते. मग गरीब वस्तीत लोक काय करत असतील? त्याने मेरीबाईंना तीन महिन्यांसाठी कामावर ठेवलं. गरिबांच्या घरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करायची आणि घरच्यांना ती शिकवायची. एका महिन्यात त्या परत आल्या आणि म्हणाल्या, मला हे बघवत नाही, मला मोकळं करा. रॅथबोनने समजूत घातली, थोडं थांबा म्हणाला. तीन महिने संपेपर्यंत चित्र उलटं झालं. आपल्या कामाने माणसं बरी होतात, घरं सावरतात हे दिसल्यावर मेरीबाईंना तेच काम पुढे करायचं होतं.

मला या गोष्टीत जास्त आवडला तो पुढचा भाग. रॅथबोनला अशा आणखी नर्सेस हव्या होत्या. त्याने चौकशी केली तर कळलं, शिकलेल्या नर्सेस बाजारात नाहीतच. त्याने थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा सल्ला घेतला. सल्ल्याचं सार असं, की तुम्हीच शिकवा. मग १८६२ मध्ये लिव्हरपूलच्या रॉयल इन्फर्मरीला जोडून नर्सेसची शाळा सुरू झाली. शहराचे १८ भाग पाडले. प्रत्येक भागाला नर्स, आणि प्रत्येक भागावर लक्ष ठेवायला एक जबाबदार बाई. नर्सला साहित्य मिळतंय का, ती रुग्णाकडे जातेय का, तिला अडचण काय आहे, हे बघणं हे त्या दुसऱ्या बाईचं काम.

म्हणजे बघा, रॅथबोनने नुसती माणसं पाठवली नाहीत. पाठवलेल्या माणसाच्या मागे उभं राहणारं आणखी एक माणूस नेमलं.

नाइटिंगेलबाईंचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे पुस्तकही याच सुमाराचं. ते रुग्णालयातल्या नर्सेससाठी लिहिलंय असा माझा समज होता. प्रत्यक्षात ते घरी आपल्या माणसाचं करणाऱ्या सामान्य बायकांसाठी आहे. त्यात एक प्रकरण बारीकसारीक व्यवस्थापनावर आहे. मुद्दा एकच: तुम्ही हजर असताना जे होतं, ते तुम्ही हजर नसतानाही झालं पाहिजे, आणि ती तजवीज करणं हाही शुश्रूषेचाच भाग. आपण ज्याला बॅकअप आणि हँडओव्हर म्हणतो ते सगळं बाईंनी तेव्हाच सांगून ठेवलंय. आमच्या ब्यूरोवाल्याने ते वाचलेलं नव्हतं, एवढंच.

पुढे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने जमलेल्या निधीतून घरोघरी जाणाऱ्या नर्सेसची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्यांचा एक नियम मोठा शहाणपणाचा होता. रुग्णालयात शिकून आलेल्या नर्सलाही घरी जाण्यासाठी वेगळं शिक्षण घ्यावं लागे. कारण वॉर्डात हाक मारली की डॉक्टर येतो. घरात मात्र ती, रुग्ण आणि रुग्णाची सून, एवढेच असतात!

हे सगळं तिकडचं. मग आपल्याकडे? वन्सं कधी नर्स झाल्या की नाही?

झाल्या. आणि त्यासाठी पुण्यातच यावं लागतं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू केलं. रमाबाई स्वतः १९०१ पासून विधवा. सेवासदनाने शिक्षिका घडवल्या, शिवणकाम शिकवलं आणि ससून रुग्णालयाच्या मदतीने बायकांना नर्सिंगही शिकवायला घेतलं. आज हे वाचून काही वाटत नाही. पण त्या काळी 'चांगल्या घरातल्या' बाईने परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कुठल्याही जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, ही कल्पनाच लोकांना झेपत नव्हती. गंमत (की संताप?) अशी, की हेच काम तीच बाई घरी सासऱ्याचं, दिराचं फुकट करत होती तेव्हा कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कामाला पगार आणि प्रमाणपत्र मिळाल्याबरोबर मात्र इज्जतीचा प्रश्न आला. रमाबाईंनी काय केलं, तर बाईच्या हातात आधीपासून असलेल्या कामाला शिक्षणाची आणि मोबदल्याची जोड दिली. वन्संचं काम तेच राहिलं. पण आता तिला 'जायला जागा' मिळाली.

योगायोग असा, की त्याच १९०९ साली न्यूयॉर्कमध्ये आणखी एक प्रयोग सुरू झाला. लिलियन वॉल्ड नावाच्या नर्सने १८९३ पासून तिथल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघरी शुश्रूषा चालवली होती. तिने मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीला पटवलं, की तुमचे पॉलिसीधारक आजारी पडले तर आमची नर्स घरी पाठवा. माणसं कमी मरतील, तुमचे दावे कमी होतील. कंपनीला हिशेब पटला. ही योजना चाळीसहून जास्त वर्षं चालली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. का बंद झाली? तोवर न्यूमोनिया, टायफॉइडसारखे झटपट आजार आटोक्यात आले होते. उरले ते वर्षानुवर्षं चालणारे आजार आणि म्हातारपण. नर्सने चार भेटी दिल्या आणि पेशंट उठून कामाला लागला, तर हिशेब जुळतो. पण ज्याला आता फक्त हळूहळू थकायचंच आहे, त्याचा हिशेब कुठल्याच कंपनीच्या वहीत जुळत नाही.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बसून होतो. कारण आजी आतल्या खोलीत झोपली होती आणि माझ्या एक्सेलमध्ये सगळ्यात शेवटचा रकाना होता, 'किती महिने?'

जपानने हा न जुळणारा हिशेब सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं ठरवलं. एप्रिल २००० पासून तिथे दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. चाळिशी गाठली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. निम्मा पैसा हप्त्यांतून, निम्मा सरकारी करांतून. म्हातारपणी मदत लागली की किती लागते ते तपासतात, एक केअर मॅनेजर आराखडा करून देतो आणि बिलाचा छोटा वाटा, सुरुवातीला १० टक्के, तुम्ही भरता. त्याआधी तिथेही हे काम कोण करत होतं? सुना. :)

आणि आपण? आपल्याकडे २००७ मध्ये आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा झाला. मुलांनी सांभाळलं नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथून मिळू शकणाऱ्या निर्वाहभत्त्याची कायद्यातली कमाल मर्यादा महिन्याला १०,००० रुपये. माझ्या शीटमधली सगळ्यात स्वस्त एजन्सी बारा तासांचे महिन्याला २२,००० मागत होती. सांभाळायचं कुणी हे कायद्याने सांगितलं, पण अंघोळ कुणी घालायची हे पुन्हा घरावरच सोडलं. डॉक्टरांच्या वाक्यासारखंच.

याहून चक्रावणारी गोष्ट पुढे आहे. आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. त्याला पाठवणाऱ्या एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागतो. त्याच्या चारित्र्याची पडताळणी लागते, ठराविक प्रशिक्षण लागतं. महाराष्ट्रात तर सुरक्षारक्षकांसाठी १९८१ पासून वेगळा कायदा आणि मंडळ आहे. शुश्रूषागृह काढायचं असेल तर १९४९ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. पण तेच काम घरात येऊन करणारी मावशी पाठवायची असेल, तर त्या एजन्सीसाठी असा खास परवाना नाही. गेटवर उभा राहणारा माणूस नियमात बसतो. आजीच्या पलंगाशी रात्रभर बसणारी बाई बसत नाही. तिथे अजून वन्संच्या काळाचाच नियम चालू आहे: ओळखीवर, भरवशावर आणि नशिबावर.

असो. तर एवढा इतिहास वाचून फायदा काय झाला? झाला. मी शीट बंद केली आणि सातही एजन्सींना पुन्हा फोन केले. या वेळी दराबद्दल एक अक्षर न काढता पाच प्रश्न विचारले.

पहिला, चरकाचा: या मावशींना नक्की काय येतं? जी.एन.एम. म्हणजे शिकलेली, नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली सिस्टर. जनरल ड्युटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड म्हणजे थोड्या मुदतीचा कोर्स केलेली मदतनीस. आणि अनुभवावर शिकलेली आया वेगळी. तिघींची कामं वेगळी, तिघींचे दर वेगळे. इंजेक्शन, कॅथेटर, नाकातली नळी असेल तर सिस्टरच हवी. कूस बदलणं, स्पंजिंग, वॉकर धरून चालवणं यासाठी प्रशिक्षित मदतनीस चालते. 'आमच्या सगळ्या नर्सच आहेत' असं जो म्हणतो, त्याचा फोन ठेवून द्यावा.

दुसरा, नाइटिंगेलबाईंचा: मावशी आल्या नाहीत तर किती तासांत कोण येईल, आणि हे लिहून देणार का?

तिसरा, रॅथबोनचा: त्यांचं काम बघायला तुमचं कुणी घरी येतं का? किती दिवसांनी?

चौथा, रमाबाईंचा (हे नाव मी ठेवलं, त्यांचं नव्हे): मी देतो त्यातले किती पैसे मावशींच्या हातात पडतात, आणि त्यांना आठवड्याची सुट्टी आहे का?

पाचवा माझा स्वतःचा: करार आणि पावती मिळेल का? कागद असेल तर सेवेत कसूर झाल्यावर ग्राहक आयोगाकडे जायला हातात काहीतरी असतं.

दोघांनी चौथ्या प्रश्नावर फोन आपटला. एक जण म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय त्याचं?" दोघे गोलगोल बोलले. एक जण इतका गोड बोलला की त्याचीच भीती वाटली. एकच एजन्सी उरली. दराच्या क्रमाने ती पाचवी होती. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की मावशींना इतके मिळतात, आम्ही इतके ठेवतो, रविवारी बदली बाई येईल, आणि पंधरा दिवसांनी मी स्वतः येऊन पाठ बघून जाईन. मग त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्याकडे मावशींना जेवायला बसायला जागा कुठे आहे? आणि दुपारी तासभर पडायला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बाराव्या रकान्याचा विचारच केला नव्हता.

आता तीन आठवडे झाले. एक वही घातलीय. औषधं, पाणी, कूस कधी बदलली, सगळं त्यात. आजी वॉकर धरून बाल्कनीपर्यंत जाते. आईच्या कमरेचा पट्टा अजून आहे, पण ती परवा दोन वर्षांनी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली.

मावशी भोरकडच्या. परवा दुपारी जेवताना आजीने त्यांना विचारलं, "तुझ्या घरी कोण असतं गं?" त्या म्हणाल्या, "सासू हाय. तिलाबी उठवत न्हाई आता. नणंद असती तिच्यापाशी. नवऱ्यानं सोडलेली हाय ना, मग आमच्याकडंच असती." आजीने विचारलं, "तिला काही देतेस का?" मावशी हसल्या. "तिला काय द्यायचं? घरचीच हाय."

आजीने माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघायला लागलो.

वन्सं अजून आहेत. फक्त वाईहून भोरला गेल्या आहेत, आणि आमच्या घराचं जे आता नीट चाललंय ते थोडंफार त्यांच्याही जिवावर चाललंय. आजीने त्या रात्री उशाखालच्या पाकिटातून पाचशेची नोट काढली, मावशींच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुला नाही. तुझ्या नणंदेला दे. माझं नाव सांग."